नाशिकमध्ये भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट: कर्ज, कागद आणि हप्त्याचा हिशेब

हिशेबवही

वीस टक्के आपले, ऐंशी टक्के बँकेचे आणि हप्ता भाड्यातून सुटेल, असं धरून नाशिकमध्ये बरेच जण भाड्यासाठी फ्लॅट घ्यायला निघतात. यातली शेवटची गोष्ट कागदावर मांडली की टिकत नाही. जागा बघायला बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने ही आकडेमोड एकदा स्वतः करावी, म्हणून हा धागा.

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या फ्लॅटचे घालून बघा. रिसेलचा दोन बीएचके, किंमत ४० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणजे इथे जास्तीत जास्त ३२ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक या किमतीत धरत नाही.

आता खिशातून किती जातात ते बघा. स्वतःचा वाटा ८ लाख. महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह ६ टक्के मुद्रांक धरला तर २ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली दीड टक्का धरली तर ६० हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाचा मुद्रांक, सोसायटीचं हस्तांतर, रंग, पंखे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या मिळून लाखभर. एकूण १२ लाख ३० हजार. आठ लाख जमले म्हणून विसार देऊन बसलेला माणूस पुढच्या सव्वाचार लाखांसाठी पर्सनल लोन काढतो आणि तिथेच गणित बिघडतं.

३२ लाख, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं: हप्ता सुमारे २७,७७०. (लाखाला ८६८ रुपये हा आकडा लक्षात ठेवा, याच दराच्या आणि मुदतीच्या कुठल्याही कर्जाचा हप्ता तोंडी काढता येतो.) भाडं १३,००० धरू. वर्षाचे १ लाख ५६ हजार. त्यातून एक महिना रिकामा गेला तर १३ हजार, मेंटेनन्स दरमहा दीड हजार म्हणजे १८ हजार, घरपट्टी ६ हजार, दुरुस्ती १० हजार वजा करा. हातात १ लाख ९ हजार, म्हणजे महिन्याला ९,०८३. हप्त्यातली बाकी दर महिन्याला सुमारे १८,७०० रुपये तुमच्या पगारातून जाणार. ४४ लाख ३० हजारांच्या एकूण खर्चावर हा निव्वळ परतावा अडीच टक्क्यांच्या आसपास येतो.

आता हेच उलट करा. ९,०८३ रुपयांत किती कर्ज फिटेल? ९,०८३ भागिले ८६८, म्हणजे जेमतेम साडेदहा लाख. ४० लाखांच्या या घराने स्वतःचा हप्ता स्वतः फेडायचा असेल, तर त्यावर साडेदहा लाखांपेक्षा जास्त कर्ज नको. बँक ३२ द्यायला तयार आहे, पण बँक तुमचा पगार बघून देते, घराचं भाडं बघून नाही. हा साडेएकवीस लाखांचा फरक कुठून भरणार, याचं उत्तर ठरल्यावरच पुढचं पाऊल टाका.

नवी_किल्ली

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद. मग दरमहा १८-१९ हजार पदरचे घालून घेणं चूकच का? आणि बँक दुसऱ्या घराला कर्ज देताना येणारं भाडं उत्पन्नात धरते का?

हिशेबवही

ताई, चूक म्हणता येणार नाही. त्या १८,७०० मधला काही भाग मुद्दल फेडतो, तो तुमचाच. पण पहिल्या वर्षी फार थोडा: वर्षभरात ३ लाख ३३ हजार भरता, त्यातले सुमारे २ लाख ७० हजार व्याज असतं. घराची किंमत वाढेल या भरवशावर तुम्ही ही तूट सोसता. तसं करायचं तर ते उघडपणे मान्य करून करावं आणि नोकरीत खंड पडला तरी चालेल अशी सोय ठेवावी. किमान सहा हप्ते बाजूला, मोडता येईल अशा ठेवीत. या उदाहरणात ते १ लाख ६७ हजार होतात. ते १२ लाख ३० हजारांच्या वर.

भाड्याबद्दल: काही बँका नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाड्याचा) करार आणि खात्यात जमा झालेलं भाडं दाखवलं तर त्याचा काही भाग उत्पन्नात धरतात. अजून न घेतलेल्या घराचं अंदाजी भाडं सहसा कामाला येत नाही. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यावर जाऊ नयेत, असं बँका बघतात. गाडीचे तीन हप्ते उरले असतील तर ते आधी संपवा, पात्रता लगेच वाढते.

व्याजदराचंही इथेच लिहितो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याला), जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलतो. दर वाढला की बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते आणि घेणाऱ्याला कळतही नाही. वरचंच कर्ज साडेआठचं साडेनऊ झालं आणि हप्ता २७,७७० च ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे ३०९ हप्ते होतात. जवळजवळ पावणेसहा वर्षं जास्त! हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला दिली पाहिजे असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. दर बदलल्याचं पत्र आलं की शाखेत जाऊन हप्ता वाढवून घ्या. इथे तो २९,८३० च्या आसपास जाईल.

फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नसतो. वर्षाला एक हप्ता जास्त भरला तरी २० वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं. डिपॉझिट हातात आलं की ते खर्च होऊन जातं, त्यापेक्षा कर्जात घाला असं मात्र मी सांगणार नाही. ते पैसे भाडेकरूचे आहेत, वेगळे ठेवा.

सातबारा

पैशांचं झालं, कागदांचं लिहितो. जिथे व्यवहार अडकतात तिथे जास्त सविस्तर.

विसार देण्याआधी विक्रेत्याकडून एवढ्या प्रती मागा: त्याच्या स्वतःच्या खरेदीचा नोंदवलेला दस्त आणि इंडेक्स २ (दस्ताचा नोंदणी कार्यालयातला गोषवारा), त्याआधीच्या व्यवहारांचे दस्त, बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा म्हणजे भोगवटा दाखला, चालू वर्षाची घरपट्टी आणि नळपट्टी भरल्याची पावती, वीजबिल, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं पत्र. जमिनीचा सातबारा किंवा सिटी सर्व्हे असेल तर मालमत्ता पत्रक, फेरफार आणि बिनशेती आदेश. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. बँकेचा वकील सर्च घेतो ना, मग आपला कशाला, असं खूप जण म्हणतात. बँकेचा वकील बँकेच्या पैशांची काळजी घेतो. ४० लाखांपुढे तुमच्या वकिलाची फी फार नाही.

सातबाऱ्यावर तीन शेरे दिसले तर थांबा. 'भोगवटादार वर्ग २' किंवा नवीन शर्त (म्हणजे सरकारने अटी घालून दिलेली जमीन) असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागतो. परवानगी न घेता झालेला जुना व्यवहार आजही गळ्यात येतो. दुसरा शेरा नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा. कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण नाशिक त्या कायद्याखाली होतं आणि सवलतीच्या योजनांचे जुने शेरे काही गटांवर अजून आहेत. ते कमी करून आणल्याशिवाय बँक हात लावत नाही. तिसरा, एखाद्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा. बिल्डरने जमिनीवर घेतलेलं कर्ज फिटलेलं असतं, पण शेरा तसाच राहिलेला असतो. तो उतरवून घेणं विक्रेत्याचं काम, आणि विसारपावतीत तसं लिहा.

नाशिकचा खास मुद्दा म्हणजे पूर्णत्वाचा दाखला. 'कपाटाचा प्रश्न' इथल्या प्रत्येक बिल्डरला ठाऊक आहे. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा खोलीत घेतली गेली, ती चटईक्षेत्रात (एफएसआय, म्हणजे परवानगीच्या बांधकाम-मर्यादेत) मोजली गेली आणि असंख्य इमारतींचे दाखले वर्षानुवर्षं अडकले. नंतर मार्ग निघाले, बऱ्याच इमारतींना दाखले मिळालेही, पण प्रत्येक इमारतीला मिळाला असं धरू नका. 'दाखला आहे, सापडत नाही' या उत्तरावर समाधान मानू नका. महापालिकेच्या नगररचना विभागातून प्रत काढता येते. दाखला नसेल तर बँक अडते, पाण्याच्या जोडणीचा प्रश्न येतो, घरपट्टीत दंडाची आकारणी होऊ शकते, आणि पुढे विकताना तुमचाच गिऱ्हाईक तुम्हाला हेच विचारतो.

दुसरी नाशिकची गोष्ट: बऱ्याच इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याचा दस्त) आणि तुमच्या फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट (त्या फ्लॅटच्या मालकीचा दस्त) असतं. विक्रेत्याकडे नुसता बिल्डरबरोबरचा साठेखताचा करार असेल आणि डीड ऑफ अपार्टमेंट कधी झालंच नसेल, तर ते आधी करून घ्यायला लावा. बिल्डर नंतर सापडत नाही.

गोदाकाठ

सातबारा यांच्या प्रतिसादाला जोडून सिडकोबद्दल. नवीन नाशिकमधली सिडकोची मूळ घरं लीजवर दिलेली आहेत. लीज कायम असेल तर हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर 'घर तुमचं' म्हणून विकणारे भेटतात, त्यात पडू नका. शिवाय तिथे बहुतेक घरांवर वाढीव बांधकाम आहे. खाली दोन खोल्या मंजूर आणि वर दोन मजले चढवलेले. भाडं चांगलं दिसतं कारण चार कुटुंबं राहतात, पण बँकेचा व्हॅल्युअर मंजूर क्षेत्रच मोजतो. मागणी ४५ लाख आणि व्हॅल्युएशन २८ लाख असं झालं, तर कर्ज २८ वर बसतं आणि वरचे १७ लाख रोख उभे करावे लागतात.

आता 'कुठे घेऊ' याबद्दल. परिसराचं नाव बघू नका, तिथे भाडेकरू कोण येतो आणि तो का टिकतो ते बघा. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणारी कुटुंबं सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, अशोकनगर भागात राहतात. शाळेत मुलं घातली की तीन-चार वर्षं हलत नाहीत. त्यांना एक बीएचके किंवा छोटा दोन बीएचके हवा असतो, दुचाकीला जागा हवी असते आणि उन्हाळ्यात पाणी हवं असतं. कॉलेज रोड, गंगापूर रोडला फ्लॅटच्या किमती चढ्या आहेत आणि भाडं त्या प्रमाणात चढत नाही, त्यामुळे टक्केवारी खाली येते. तिथे विद्यार्थी मिळतात, पण मे-जूनमध्ये घर रिकामं होतं आणि दर वर्षी रंग काढावा लागतो. अमृतधाम, हिरावाडी भागाला अभियांत्रिकी कॉलेजचा, आडगावला मेडिकल कॉलेजचा आधार. नाशिकरोड, जेलरोडला रेल्वे, नोटा छापणारा सरकारी प्रेस आणि पंचवटी एक्सप्रेसने ये-जा करणारे पासधारक.

सिंहस्थ २०२७ च्या नावाने सध्या खूप विक्री चालू आहे. पर्वणीच्या दिवसांतलं भाडं हे काही आठवड्यांचं असतं. ते वीस वर्षांच्या हप्त्याच्या गणितात घालू नका.

आणि पूररेषा. गोदावरी, नासर्डी, वालदेवी, वाघाडी या सगळ्यांजवळ निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध असतात, म्हणजे जुनी इमारत उद्या पाडून बांधायची झाली तर अडचण. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. भिंतीवरची खूणही दाखवतात.

नवी_किल्ली

बांधकाम चालू असलेला घेतला तर स्वस्त पडतो, हप्तेही टप्प्याटप्प्याने. भाड्यासाठी तो चांगला नाही का?

करदाता

भाड्यासाठी म्हणाल तर माझं मत रिसेल किंवा दाखला मिळालेला तयार फ्लॅट, यालाच. कारणं अशी.

बांधकाम चालू असताना ५ टक्के जीएसटी लागतो. घर 'परवडणाऱ्या' व्याख्येत बसत असेल तर १ टक्का. नाशिकला त्यासाठी चटई म्हणजे कार्पेट क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत, अशा दोन्ही अटी हव्यात. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विक्री झाली तर जीएसटी नाही. ४८ लाखांच्या फ्लॅटला २ लाख ४० हजार वाचतात, हे छोटं नाही.

दुसरं, ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज चालू. त्या काळातलं व्याज प्राप्तिकरात लगेच मिळत नाही, बांधकाम पूर्ण झाल्यावर पाच समान वार्षिक भागांत मिळतं.

तरीही घ्यायचाच असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. नोंदणी क्रमांक आहे का एवढंच बघून बंद करू नका. पूर्णत्वाची तारीख किती वेळा वाढवली, तिमाही अहवाल भरले आहेत का, जमिनीवर बोजा दाखवला आहे का, किती फ्लॅट विकले गेले, हे सगळं तिथे असतं. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 'आधी २० टक्के द्या, मग करार' म्हणत असेल तर तिथून उठा. उघडं पार्किंग विकता येत नाही, त्याचे वेगळे पैसे मागितले तर कशाचे ते लेखी विचारा.

आता कर. भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र वेगळा वजा होत नाही, ही चूक खूप विवरणपत्रांत दिसते. त्यानंतर कर्जाचं पूर्ण व्याज.

हिशेबवही यांच्याच आकड्यांवर: अकरा महिन्यांचं भाडं १,४३,०००, वजा घरपट्टी ६,०००, उरले १,३७,०००. त्याचे ३० टक्के ४१,१००. उरले ९५,९००. व्याज २,७०,०००. तोटा १,७४,१००. जुन्या करप्रणालीत हा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह सुमारे ५४ हजार वाचतात. नव्या करप्रणालीत भाड्यावर कर लागणार नाही एवढाच फायदा. तोटा पगारातून वजा होत नाही. एजंट '५४ हजार कर वाचेल' असं सांगतो तेव्हा तो जुन्या प्रणालीचं बोलत असतो. तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात आणि पुढची दहा वर्षं कोणत्यात राहाल, ते आधी ठरवा.

किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे: रक्कम कितीही असो टीडीएस लागतो आणि दर खूप जास्त असतो. नाशिकमध्ये मुलं परदेशात आणि फ्लॅट त्यांच्या नावावर, असे विक्रेते पुष्कळ आहेत. वडील मुखत्यार म्हणून सही करत असतील तरी विक्रेता अनिवासीच. इथे सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, कापायचं राहिलं तर ती रक्कम सरकार तुमच्याकडे मागतं.

सातबारा

नाव कोणाचं, याबद्दल रोज विचारणा होते म्हणून लिहितो. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर निवासी घराला मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, ४० लाखांवर ४० हजार. नवऱ्याचं नाव बरोबर घातलं की सवलत गेली. पण सवलतीसाठी नाव घालताना दुसरी बाजू बघा: पैसे पूर्ण नवऱ्याचे आणि बायकोचं उत्पन्न नसेल, तर भाडं करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. आणि व्याजाची वजावट हवी असेल तर कर्जदार हा मालकही असावा लागतो. नुसता सहकर्जदार असून उपयोग नाही.

मुद्रांक करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दरांच्या) मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतो. रेकनरचे दर विभागाप्रमाणे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात. किंमत कमी दाखवून रोखीत देण्याचा प्रस्ताव आला तर साफ नाही म्हणा. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय कर्ज कमी बसतं आणि पुढे विकताना तुमचा नफा फुगून कर तुम्हीच भरता.

विक्रेत्याच्या फ्लॅटवर आधीच कर्ज असेल तर घाबरू नका, फक्त क्रम पाळा. त्याच्या बँकेकडून बाकी कर्जाचं पत्र आणि जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. तुमची बँक ती रक्कम थेट त्या बँकेला देते आणि उरलेली विक्रेत्याला. विसाराची रक्कम थोडी ठेवा आणि चेकनेच द्या. विसारपावतीत लिहा की कागदात दोष निघाला किंवा बँकेने या मालमत्तेवर कर्ज नाकारलं तर विसार इतक्या दिवसांत परत. हे एक वाक्य नसल्यामुळे लोकांचे लाख-दोन लाख अडकतात. वृत्तपत्रात १५ दिवसांची जाहीर नोटीसही द्या. हरकत आलीच तर ती पैसे देण्याआधी यावी.

गोदाकाठ

फ्लॅट बघायला एकदा पाऊस चालू असताना जा. वरच्या मजल्याचं छत, बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीच्या खालचा कोपरा. ताज्या रंगाचा एकच पट्टा दिसला तर त्यामागे ओल असते. सोसायटीच्या मागच्या सभेचं इतिवृत्त मागा. लिफ्ट बदलायची किंवा बाहेरून प्लास्टर करायचं ठरलं असेल तर त्याची वर्गणी नव्या मालकाच्या माथी येते.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मेंटेनन्सच्या दीडपट बिल आलं तर हा आदेश दाखवा. हस्तांतर शुल्कालाही महापालिका हद्दीत २५ हजारांची मर्यादा आहे, 'विकास निधी' म्हणून वर मागितले तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

नवी_किल्ली

भाडेकरार नोटरी केला तर चालतो का? दलाल म्हणतो सगळे तसंच करतात.

सातबारा

नाही, ताई. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नोंद नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

खर्च किती? १३ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने. एकूण भाडं १,४३,०००, त्यात डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ४,५८३ मिळवा, आणि बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक. ३७० रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा लागतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर राहू नका.

करारात मुदतीआधी सोडण्याची नोटीस, भाडेवाढ, रंगाचा खर्च कोणाचा, वीजबिल कोणी भरायचं हे लिहा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्या. किल्ली देताना मीटरचं रीडिंग, नळ, कमोड, प्रत्येक पंखा आणि भिंतींचे फोटो दोघांच्या फोनवर असू द्या. डिपॉझिटची भांडणं जवळजवळ सगळी इथून सुरू होतात.

पाथर्डीफाटा

फ्लॅटऐवजी दुकान घ्यावं का, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं म्हणून थोडक्यात. दुकानाचं भाडं किमतीच्या मानाने जास्त बसतं. पण कर्ज गृहकर्जाच्या दराने मिळत नाही, मुदत कमी असते, स्वतःचा वाटा जास्त लागतो, घरपट्टी निवासीपेक्षा कितीतरी जास्त असते आणि रिकामं पडलं तर महिनोन्महिने पडतं. व्यापारी भाड्यावर १८ टक्के जीएसटीचा विषय येतो. तुमची नोंदणी नसली तरी, भाडेकरू जीएसटीत नोंदलेला असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर त्याने भरायचा आहे, आणि तो भाडं ठरवताना ते मोजतोच. पहिली मालमत्ता म्हणून फ्लॅटच बरा.

हिशेबवही

ताईंच्या प्रश्नांना धरून शेवटी क्रम लिहितो, कारण तोच उलटा होतो. आधी निव्वळ भाडं काढा: त्या इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत तीन भाडेकरूंना विचारून, दलालाच्या तोंडचं नको. मग त्यावर किती कर्ज फिटतं ते लाखाला ८६८ ने काढा. तुमच्या दराला आकडा वेगळा येईल. साडेनऊ टक्क्याला लाखाला ९३२. मग बँकेचं सँक्शन, म्हणजे कर्जमंजुरी, घ्या, ते काही महिनेच चालतं. त्यानंतर कागद, मग विसार, मग करार. विमा कर्जाला सक्तीचा नाही. प्रोसेसिंगच्या वेळी लाखभराचा एकरकमी विमा कर्जात मिसळून देतात आणि त्यावर वीस वर्षं व्याज जातं, तो फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका. टर्म विमा बाहेरून वेगळा घ्या.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण कागद परत आले म्हणजे काम झालं असं नाही. नोंदणी कार्यालयातली गहाणाची नोंद आणि सोसायटीच्या वहीतला बोजा उतरवून त्याची प्रत फाइलला लावा. विकायच्या वेळी तुमचा गिऱ्हाईक पहिली तीच मागेल.

गोदाकाठ

यात एक भर. दस्त झाल्यावर घरपट्टी, नळपट्टी आणि महावितरणचं मीटर या तिन्हींवर नाव त्याच महिन्यात लावून घ्या. त्यासाठी इंडेक्स २ च्या चार-पाच प्रती काढून ठेवा आणि विक्रेत्याची नाव बदलाच्या अर्जांवरची सही दस्ताच्या दिवशीच, निबंधक कार्यालयात बसूनच घ्या. घरपट्टीच्या बिलावर वापर काय नोंदवला आहे तेही त्याच वेळी बघा. आधीच्या मालकाने तिथे शिकवणी किंवा दवाखाना चालवला असेल तर बिगरनिवासी दराने बिल येत राहतं, आणि ते बदलून घ्यायला पाहणी होईपर्यंत थांबावं लागतं.